चंद्रावरचं गंध

"दिसली! दिसली!"

गुलमंडीतल्या कापड दुकानावरच्या हॉलमध्ये सगळी गर्दी एकदम ओरडली. पडद्यावर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाचं करडं चित्र होतं, खळगेच खळगे, आणि एका विवरात हळूहळू मुलीचा चेहरा उमटत होता. आमच्या सईचा. दोन वेण्या, पडलेला पुढचा दात. माझी भावजय मीनाक्षी हमसून रडू लागली. मीही क्षणभर पडद्याकडे वाकले, खोटं कशाला बोलू?

तिची नऊ वर्षांची लेक सई श्रावणात डेंग्यूनं गेली. पितर चंद्रलोकी जातात, असं मीनाक्षीनं माहेरी ऐकलेलं. तेवढ्या भांडवलावर या चंद्रयोगी महाराजांनी तिला पकडलं.

"जिथं सूर्याचा किरण पोचत नाय, तिथं आत्मे ऱ्हातात," महाराज सांगत होते. "यानानं रडार लावून फोटू काढला, अन् शास्त्रज्ञांना दिसले नुसते दगड! दिव्यदृष्टी लागती, माय. लेकरू तिथं उपाशी हाय. तू जेवलीस, की तिचा घास तुटतो."

हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून मीनाक्षी पाण्यावर आणि एखाद्या केळ्यावर होती. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं, तर तिनं सुईही लावू दिली नाही. माझा भाऊ हेमचंद्र रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस. तूच चल."

म्हणून मी आले होते. आणि पडद्यावरच्या सईच्या कपाळाकडे पाहताच जागेवरून उठले.

"महाराज, चंद्रावर गंध कोण लावतं?"

"आँ?"

"पोरीच्या कपाळावर गंध आहे. भुवईपर्यंत ओघळलेलं."

"तिकडं बी पूजाअर्चा चालती, ताई."

मी मीनाक्षीच्या मांडीवरची सईच्या फोटोची फ्रेम उचलून सगळ्यांना दाखवली. मीनाक्षी रोज सकाळी या काचेवर गंध लावते. आज उपासाच्या अशक्तपणानं तिचं बोट भुवईपर्यंत घसरलं. फ्रेमसकट फोटो आणायचा महाराजांचाच हुकूम होता, 'आत्म्याची ओळख पटवायला'. शिष्यानं दारातच मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला होता.

"रडारला काही दिव्यदृष्टी नसते," मी म्हणाले. "यान चंद्राभोवती फिरताना खाली लहरी सोडतं, त्या परत येतात, त्यावरून चित्र बनतं. खडबडीत जमीन उजळ, सपाट जमीन काळी. म्हणून अंधारातलं विवरही दिसतं. ती चित्रं कुणालाही फुकट मिळतात. यांनी त्यावर तुमच्या माणसांचे फोटो चिकटवले."

मागून म्हातारे धोंडिबा उठले; त्यांना आमच्या आधी मुलाचं दर्शन मिळालं होतं. "माझ्या पोराचं दर्सन लावा पुन्हा."

शिष्य लॅपटॉप मिटायला लागला, पण लोकांनी मिटू दिला नाही. धोंडिबांचा मुलगा पडद्यावर आला. तेच विवर, काठावर तोच तुटका दगड.

"एकाच खड्ड्यात समद्यांची लेकरं व्हय रं?" धोंडिबांनी महाराजांकडे वळून विचारलं. महाराज गडबडीत मागच्या जिन्यानं निसटले. त्यांच्यामागं धावायचं त्राण कुणातच नव्हतं.

मी जिंकले होते. घरी आल्यावर मीनाक्षीनं विचारलं, "ताई, मग माझी सई तिथं नाही?"

"नाही गं."

"मग कुठं आहे?"

यावर मला खोटं बोलता आलं असतं. महाराज तेच तर करत होते. मी म्हणाले, "कुठंच नाही, मीनाक्षी." त्या दिवशी सई तिच्यापुरती दुसऱ्यांदा गेली, आणि ते सांगणारी मी होते.

हेमचंद्रनं वरणभात कालवून आणला. तिनं घास हातात धरून ठेवला.

"तिचा तुटणार नाही ना?"

"नाही."

ती जेवली. रडत रडत, पण जेवली.

तुमच्याही भिंतीवर कुणाचा तरी फोटो असेल. त्याच्यासाठी रडा, पोटभर रडा. पण कुणी ते तोंड आभाळात दाखवू लागला, तर डोळे पुसून आधी नीट बघा. आणि जेवण सोडू नका. गेलेल्याला त्यातलं काहीही पोचत नाही.