प्राण घालण्याचं शिक्षण

"म्हंजे पोरगीला नक्की काय शिकवणार, सर?" रावजीनं पुन्हा विचारलं.

परशुराम सर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अ‍ॅनिमेशन. मूळ लॅटिन शब्द अनिमा. म्हणजे श्वास, प्राण. त्यावरून प्राण घालणं. कुणी हातवारे करत जोशात बोललं, तरी इंग्रजीत त्याला हेच म्हणतात. आणि हल्ली चित्रं हलवतात, त्यालाही."

"मग ह्यातला ती कुठला शिकणार?"

"शेवटचा."

रावजी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात मशिनवर होता. बारावी झालेल्या निशिगंधाला मुंबईला पाठवायचं की नाही, हे त्याला आज ठरवायचं होतं. ती गेली की घरात तो एकटा. बायको, गंगा, काविळीनं जाऊन काही वर्षं झाली होती. प्राण घालणं, जोशात बोलणं, चित्रं हलवणं. सायकल ढकलत तो चढण चढला, तरी एकाचा दुसऱ्याशी मेळ लागेना.

घरी निशिगंधानं कॅलेंडरच्या पानांचे तुकडे कापून, मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक चित्र काढून, शिवून गठ्ठा केला होता.

"बाबा, हे बघा." तिनं कडेवरून अंगठा सरकवला. कागद फरफरले आणि एक बाई कमरेवर कळशी घेऊन चालू लागली. चालता चालता तिनं मागे वळून पाहिलं.

"गंगा?"

"आईच. कोर्सवाल्यांना पाठवायचंय."

रावजीनं गठ्ठा घेतला. त्याच्या जाड अंगठ्याखालून दोन-दोन कागद एकदम सुटत होते. गंगा मध्येच नाहीशी होऊन पुढे उगवत होती.

"अशी नाय गो चालायची ती. पाय ओढायची जरासा. पडलेली ना, तू लहान होतंस तेव्हा."

"कुठला पाय, बाबा?"

रावजी आठवू लागला. डावा. की उजवा? इतकी वर्षं ती त्याच्या डोळ्यांपुढून ये-जा करत होती.

तो उठला. रिकामी कळशी कमरेवर घेऊन अंगणात उतरला. डावा पाय ओढत आंब्यापर्यंत गेला. उजवा ओढत परत आला. दगडी गडग्यापलीकडून शेजारची येसूबाई टक लावून बघत होती. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुला काय वाटता?" त्यानं विचारलं.

"मला नाय आठवत, बाबा." निशिगंधा पेन्सिल घेऊन पायरीवर बसली. "परत चाला."

"मुंबईस जायच्या आधी नीट काढून घे," रावजी म्हणाला. त्यानं कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली आणि पुन्हा चालू लागला.