गॅलरीतली बुंदी

मित्रांनो, मी आता एक जुनी कुत्री आहे. तोंडाभोवतीचे केस पांढरे पडले आहेत. माझे नाव बुंदी. नागपुरात सक्करदऱ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात माझे सारे आयुष्य गेले. त्यातले पहिले वर्ष मी कसे काढले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

मला सोनिकाने घरी आणले. ती एका कचेरीत नोकरी करते. तिचा नवरा कामासाठी सतत फिरतीवर असतो, त्यामुळे घरात ती आणि तिच्या सासूबाई, रंभाबाई, अशा दोघीच. मी तेव्हा सोनिकाच्या ओंजळीत मावत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले होते, "सगळ्या लसी होईपर्यंत हिला खाली जमिनीवर सोडू नका. बाहेरचे आजार पिलांना पटकन लागतात." म्हणून सोनिकाने गॅलरीत एक पॅड अंथरले. पांढरे, मऊ, कापसाच्या गादीसारखे. त्यावर शू केली की ती "शाब्बास बुंदी!" म्हणायची आणि तोंडात खाऊ द्यायची. मी फार लवकर शिकले. पायाखाली मऊ लागले की शू करायची, बाकी कुठेही नाही. पाहुण्यांपुढे माझे कौतुक होई. मलाही वाटे, आपण किती शहाण्या!

लसी संपल्या, पण मला खाली नेणे राहूनच गेले. सोनिकाची सकाळ घाईची, रंभाबाईंचे गुडघे दुखरे. पॅड सगळ्यांच्या सोयीचे होते. मी मोठी होत गेले आणि पॅड तेवढेच राहिले.

एके दिवशी सोनिका पॅड बदलायला विसरली. ओल्या पॅडवर उभे राहायची मला किळस आली. मी घरभर मऊ जागा शोधली आणि ती देवघरापुढे सापडली. ते रंभाबाईंचे लोकरी आसन होते.

"माह्या आसनावर मुतली हे!" रंभाबाई ओरडल्या. "सोनिका, हे कुत्री मले घरात नको. कुहीले बाबारावकडे नेऊन सोड. त्याच्याकडं वावर हाय, राहीन तिथं पडून."

बाबाराव म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ; कुही गावात त्यांचे शेत होते.

"आई, लहान आहे हो ती अजून."

"लहान काहाची वं? घोड्यावानी झाली!"

त्या दिवसापासून सोनिका कचेरीत गेली की मला गॅलरीत ठेवून बाहेरून कडी लावली जाई. तीन बाजूंना लोखंडी जाळी, चौथ्या बाजूला बंद दार. उन्हाळा लागला तसा खिडकीत कूलर बसला. तो घरात थंड हवा फेकायचा आणि त्याची पाठ माझ्याकडे असायची. मी जाळीतून खालची माणसे, गाई, मोकळी कुत्री बघत बसे. दार खरवडून माझी नखे झिजली. भुंकले तर आतून आवाज येई, "चूप बस वं!"

रविवारी सोनिका मला खाली न्यायची. इमारतीमागे कडुनिंबाखाली मोकळी जागा होती. ती विनवायची, "कर ना गं बुंदी." पोट भरलेले असे, पण पायांना माती टोचायची. इथे केले तर चुकेल, असे माझे सारे अंग मला सांगायचे. वर आले की मी धावत जाऊन पॅडवर बसे. सोनिका कपाळावर हात मारून घेई. "एवढा वेळ खाली काय झालं होतं तुला?" मला सांगता येत नव्हते. कडी उघडली तरी मी कोंडलेलीच होते.

मग कुहीला बाबारावांच्या नातवाचे बारसे निघाले. रंभाबाई म्हणाल्या, "बुंदीलेही घे संग. तिथंच ठेवून येऊ." गाडीत सोनिकाने मला सारा वेळ मांडीवर धरून ठेवले. पॅड तिने घेतले नव्हते. तिथे सगळीकडे रानच तर होते.

सकाळपासून मी शू रोखून धरली होती. पाळणा झाला, जेवणावळी झाल्या. मी शेताच्या बांधावर हुंगत फिरले, पण कुठे काही मऊ मिळेना. दुपार कलली तेव्हा पोट फुगून कडक झाले होते. मी भाकरीला तोंड लावले नाही. भिंतीशी थरथरत बसले.

रंभाबाई तिथून जाताना थबकल्या. वाकून त्यांनी माझ्या पोटाला हात लावला.

"सोनिका, हे कवापासून गेली नाही?"

"सकाळपासून. सगळं मोकळं आहे आई, तरी करत नाहीये."

रंभाबाई माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या. बराच वेळ त्यांचा हात माझ्या पोटावर होता.

"मी नवी नवरी होती तवा घरी संडास नव्हता," त्या म्हणाल्या. "अंधार पडेपर्यंत बायांले जाता येत नव्हतं. दिवसभर पाणी पेत नव्हती मी. तरी पोट असं दगडावानी होऊन जाये. भरल्या घरात कोणाले सांगू?"

सोनिका जवळ येऊन बसली. "आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलाची गोष्ट हाय का ते?" असे म्हणत त्या उठल्या. पिशवीतून त्यांनी आपला टॉवेल काढला आणि बांधाकडच्या पळसाखाली अंथरला. "ये वं बुंदी. जाय इथं."

मी टॉवेलवर पाय ठेवला. तो मऊ होता. अंगणात पुरुषमंडळी बसली होती. रंभाबाईंनी माझ्याकडे पाठ केली, पदर दोन्ही हातांनी पसरला आणि त्या माझ्यासाठी आडोसा करून उभ्या राहिल्या. मग एकदाची मी मोकळी झाले.

निघताना बाबारावांनी विचारले, "ठेवतं ना बाई कुत्री इथं?"

"नाही गा बाबाराव. माह्यासंग येते ते."

घरी आल्यावर सोनिकाने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "वापरलेले पॅड खालीच अंथरा. रोज तीच जागा, तीच वेळ. मग ते कापून हळूहळू लहान करा. रागावू नका."

हे काम रंभाबाईंनी स्वतःकडे घेतले. नवरा गेल्यापासून त्या देवळापलीकडे कुठे जात नसत. आता सकाळ-संध्याकाळ कठडा धरून माझ्याबरोबर उतरू लागल्या. काखेत पॅड पाहून शेजारच्या प्रीतीताई हसल्या, "काकू, कुत्र्याचं अंथरूण घेऊन कुठं चालल्या?"

"शिकवणीले," रंभाबाई म्हणाल्या.

पॅड अर्धे झाले, मग रुमालाएवढे. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावा लागे. मध्येच एकदा मी दारातल्या पायपुसण्यावर शू केली आणि भीतीने पलंगाखाली शिरले. वाटले, आता पुन्हा कडी. रंभाबाईंनी पायपुसणे उचलून फरशी पुसली. "मीच उशीर केला," एवढेच म्हणाल्या.

शेवटी एका सकाळी त्या रिकाम्या हाताने खाली आल्या. मी तुकडा शोधला. तो नव्हता. फक्त माती होती, आणि तिला माझाच वास येत होता. मी फिरले, थांबले, पुन्हा फिरले. रंभाबाई आवारभिंतीला टेकून दुसरीकडेच बघत होत्या. "मले घाई नाही," त्या म्हणाल्या.

मी बसले. मातीने सगळे पिऊन टाकले.

गॅलरीच्या दाराला पुन्हा कडी लागली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी पिलू आले, तर त्याला पॅड जरूर शिकवा; पण जमिनीची वेळ आली की ती पुढे ढकलू नका. ते अडले तर ओरडू नका. त्याच्याजवळ उभे राहा.

हल्ली रंभाबाई काठी घेऊन उतरतात. मी दोन पायऱ्या पुढे जाते, थांबते आणि मागे वळून बघते. त्या पोहोचल्या की पुढच्या दोन उतरते. मलाही आता कसली घाई नाही.