खात्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही

बेकारीचा विमा म्हणजे काय, हे कारखाना बंद पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. पगारातून दर महिन्याला काहीतरी कापायचे आणि मी दर महिन्याला त्यांना शिव्या घालायचो, एवढाच आमचा संबंध. कापड रंगवायच्या कारखान्यात मी बॉयलरवर होतो. कोळसा टाका, वाफ बघा, काटा लाल रेघेजवळ गेला की देवाचं नाव घ्या. एके दिवशी फाटकाला कुलूप दिसलं आणि वॉचमन म्हणाला, "काका, घरी जा." साठीला टेकलेल्या माणसाला घरी जा म्हणणं किती सोपं असतं! गेलो घरी. आणि ज्याला शिव्या घातल्या, त्याच विम्याच्या खिडकीपुढं जाऊन उभा राहिलो.

खिडकीत एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेली. माझे कागद चाळून म्हणाली, "सगळं ठीक आहे. पैसे कुठल्या खात्यात टाकायचे?"

"बायकोच्या."

"तुमचं स्वतःचं नाही?"

"होतं. भावाच्या ट्रकला जामीन राहिलो. ट्रक गेला, भाऊ पळाला, माझं खातं गोठवलं. नवीन उघडलं तर तेही धरतील. पगारसुद्धा बायकोच्याच खात्यात यायचा."

"मग बायकोला घेऊन या. खातेदारानं इथं समोर बसून हो म्हणायचं, नंबर द्यायचा, सही करायची. शुक्रवार शेवटचा दिवस आहे हं. पाचला खिडकी बंद, मग तुमचा अर्ज रद्द."

घेऊन या म्हणे! तिला काय माहीत.

माझ्या बायकोला वर्षभरापासून विसर पडत चाललाय. डॉक्टरनं आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते मीच विसरलो. तेवढा एकच विनोद आमच्या घरात उरलाय. सकाळी ती बरी असते. भाजी चिरते, माझ्यावर खेकसते, माझं डोकं फिरवते. दुपारी मात्र मधूनच मला दादा म्हणते आणि विचारते, "दादा, तुम्ही कुणाकडे आलात?" कारखाना चालू होता तेव्हा हे क्वचित व्हायचं. मी घरी बसल्यापासून रोजचंच झालं. मला वाटलं, दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाला, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, नाहीतर सकाळचं भानही जाईल. गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या आणि औषधवाल्यानं उधारी बंद केली होती.

खात्याचं पासबुक तिच्या पर्समध्ये आणि पर्स तिच्या काखेत. झोपतानाही काखेतच. त्याला कारणही मीच. शेजारच्या शिंप्याला कुणीतरी फोनवर गोड बोलून लुबाडलं, तेव्हा मी हिला दम भरला होता. "खात्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही. सख्खा भाऊ आला तरी नाही. मी मागितला तरी नाही." तेव्हा ती हसून म्हणाली होती, "तुम्ही मागून तर बघा, डोक्यात लाटणं घालीन."

बुधवार, गुरुवार ती सकाळपासूनच कुठंतरी हरवलेली होती. शुक्रवारी मात्र उठली ती खणखणीत. "अहो, ही दाढी कसली वाढवलीय भिकाऱ्यासारखी?" ऐकून असा आनंद झाला म्हणून सांगू! पटकन दाढी केली, लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला आणि तिला घेऊन बस पकडली. वाटेत तिनं कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडणसुद्धा केलं. म्हटलं, आज काम फत्ते.

पण रांग! अर्ध्या गावाचे कारखाने एकदम बंद पडल्यासारखी रांग. उभं राहून राहून माझ्या पायाचे तुकडे पडले. बाकावर बसलेली बायको हळूहळू बोलायची थांबली. मी बघत होतो आणि पुढच्या माणसांना मनात शिव्या देत होतो. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती.

खिडकीतल्या बाईनं प्रेमानं विचारलं, "मावशी, हे तुमचे कोण?"

बायकोनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "हे दादा होय? यांनी मला बसमधून आणलं. चांगले आहेत."

झालं!

"अगं, मी!" मी ओरडलोच. "तुझा नवरा! नीट बघ माझ्याकडे!"

सगळी रांग वळून बघायला लागली. बायकोनं पर्स छातीशी धरली. "बघा, कसे अंगावर येतात. आमच्या ह्यांनी सांगून ठेवलंय, खात्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही."

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी तिच्या पर्सला हात घातला. तिनं अशी किंकाळी फोडली, "चोर! चोर!" की शिपाई धावत आला आणि त्यानं माझं मनगट पिरगाळलं. माझ्याच बायकोची पर्स, माझ्याच घामाचे पैसे आणि चोर मी. हात सुटल्यावर मी मटकन भिंतीशी बसलो.

खिडकीतली बाई बाहेर आली, बायकोजवळ बसली. "मावशी, मग तुमचे हे कुठं आहेत?"

"कामावर," बायको म्हणाली. कसली ऐट आली होती तिच्या आवाजात! "बॉयलरवर असतात. कधी एक दिवस घरी बसले नाहीत. तीनला सुटतात. सुटले की येतील मला न्यायला."

"तोवर घरी जायचं का या काकांबरोबर?"

"छे! परक्या माणसाबरोबर? मी इथंच बसते."

मी बाईकडे बघितलं, बाईनं माझ्याकडे. ती हळूच म्हणाली, "मी यांच्यावर लक्ष ठेवते. पाचच्या आत या म्हणजे झालं." डोक्यात प्रकाश पडायला मला तेवढं पुरलं.

धावत बस गाठून घरी गेलो. माझी डांगरी, निळी, कामावरची, तिनंच धुऊन घडी करून ठेवलेली होती. साबणाचा वास येत होता. धुतलेल्या डांगरीतला बॉयलरवाला कुणी पाहिलाय का कधी? मग स्वयंपाकघरात जाऊन जुन्या कढईच्या बुडाची काजळी खरवडली. हाताला लावली, गालाला लावली, कपाळावर बोट ओढलं. कारखान्यात हे फुकट मिळायचं. आरशात बघितलं आणि रडू कोसळलं, पण रडलो तर काजळी ओघळेल म्हणून तेही धड जमेना. रिकामा डबा हातात घेतला आणि निघालो. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, कपडे खराब होतील म्हणून.

कार्यालयाच्या दारातून आत शिरलो तर बायको लांबूनच उठून उभी राहिली.

"अहो! किती उशीर? माझा जीव टांगणीला लागला होता." जवळ येऊन तिनं रुमालानं माझ्या गालावरचा डाग पुसला. रोज पुसायची तसा, जरा जोरातच.

शिपाई तोंड फिरवून पंख्याकडे बघत होता. खिडकीतल्या बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर चढवला. मग तिनं विचारलं, "मावशी, हे कोण?"

"हे काय विचारणं झालं? आमचे हे!"

"यांचे पैसे तुमच्या खात्यात टाकायचे ना?"

"आजपर्यंत दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेलेत का?" बायको म्हणाली. पर्स उघडून तिनं पासबुक माझ्या हातात दिलं. "वाचा तुम्हीच, माझा चष्मा नाही." मी एकेक आकडा वाचला, बाईनं लिहून घेतला. बायकोनं सावकाश, वळणदार सही केली.

"दर महिन्याला दोघांनाही हजेरीला यावं लागेल," बाई मला म्हणाली. मग हळूच पुढं म्हणाली, "दुपारी तीननंतर या. मी असते."

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली. पर्स काखेतच होती. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून कुजबुजली, "अहो, ऐका ना. मघाशी तिथं एक माणूस आला होता. नंबर मागत होता. पर्सला हातसुद्धा घातला मेल्यानं."

"मग?"

"मग काय! दिला नाही. तुम्ही सांगितलंय ना."

"बरं केलंस."

"पांढरा शर्ट घातला होता हो, चांगल्या घरचा दिसत होता." तिनं पर्स नीट काखेत दाबली. "काही कामधंदा नसेल बिचाऱ्याला."

"नसेल," मी म्हणालो.

मग तिनं माझ्या मांडीवरचा डबा उचलून हलवून बघितला. रिकामा आहे म्हणून खूश झाली. "उद्या कुठली शिफ्ट?"

"सकाळची," मी म्हणालो. "लवकर उठव मला."