कुलपातला पोलरीमीटर

मित्रांनो, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्या खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत. आत गेलात की दगडी ओट्यावर, लोखंडी पायावर आडवी टेकलेली एक लांब पितळी नळी दिसेल. जवळ या, घाबरू नका. तोच मी, इथला सर्वांत जुना पोलरीमीटर. माझे नाव उच्चारताना जीभ अडखळते, याची मला कल्पना आहे. पहिल्या वर्षाची मुले तर त्या नावाची अशी मोडतोड करतात, की हाक कुणाला मारली हे माझे मलाच कळत नाही.

काम मात्र समजायला सोपे आहे. साखरेचे पाणी दिसायला साध्या पाण्यासारखेच असते ना? पण त्यातून माझ्या दिव्याचा प्रकाश सोडला, की साखर त्या प्रकाशाला किंचित कूस बदलायला लावते. काही पदार्थ त्याला उजवीकडे वळवतात, काही डावीकडे, काही त्याच्या वाटेलाच जात नाहीत. माझ्या भिंगाला डोळा लावला की मधोमध दुभागलेला एक गोल दिसतो. एक अर्धा उजळ, दुसरा अंधारा. चकती हळूहळू फिरवायची. दोन्ही अर्धे सारखे झाले, मधली रेघ पुसली गेली, की थांबायचे आणि आकडा वाचायचा. नळीत कोणता पदार्थ आहे, तो शुद्ध आहे की त्यात काही मिसळले आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भिंगे घासणारा एक म्हातारा कारागीर होता. काचेची धूळ नाकात जाऊन जाऊन तो बोलायचा कमी आणि शिंकायचा फार. माझ्या चकतीवरच्या केसासारख्या बारीक रेघा त्याच्याच हातच्या. मला बंद पेटीत घालण्याआधी त्याने एकदा डोळा लावून पाहिले आणि म्हणाला, "हां, हा खरं बोलतोय." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

विभागात माझी पेटी उघडली ती थोरल्या सरांनी. तेव्हा ते काही थोरले नव्हते. नुकतेच शिकवू लागलेले, काळेभोर केस असलेले तरुण होते. शिपायाला हात लावू न देता त्यांनी भुसा स्वतः उपसला आणि नाकातोंडात गेल्यावर स्वतःच खोकत बसले. पुढे काही वर्षांनी त्यांची सख्खी धाकटी बहीण त्याच विभागात शिकवायला आली. मग ते 'थोरले सर' झाले आणि ती 'धाकट्या बाई'. वर्गात ती त्यांना सर म्हणायची, आणि माझ्या खोलीचे दार लागले की दादा.

ते माझे सोन्यासारखे दिवस. सकाळी दिवा लावला की तो आधी गुलाबी व्हायचा, आळस दिल्यासारखा बराच वेळ रेंगाळायचा आणि मग एकदम पिवळाधमक पेटायचा. त्या पिवळ्या उजेडात बाकीचे सगळे रंग नाहीसे होतात. लाल शर्ट राखाडी, ओठ राखाडी, हिरवी वहीसुद्धा राखाडी. नवी मुले एकमेकांकडे बघून हसत सुटायची. "अरे, तू आजारी वाटतोस," एक म्हणायचा. "आणि तू आरशात बघ, मग बोल," दुसरा म्हणायचा. बाई त्यांना हसू द्यायच्या. सर मात्र तोंडावर बोट ठेवायचे, जणू काही मोठ्या आवाजाने माझी चकती हलणार होती. पण रांग संपली की बहीणभाऊ स्वतः डोळा लावून बसायचे, आणि एखादा आकडा मनासारखा आला की चहा थंड व्हायचा तरी त्यांना भान नसायचे.

मग एक दिवस सगळे बिनसले. शेजारच्या औषधशास्त्र विभागाला माझी गरज होती. सर सुट्टीवर होते. बाईंनी मला ढकलगाडीवर ठेवून पाठवले. काम नीट झाले, पण परत येताना गाडीचे चाक पायरीवर आदळले, माझी काचेची नळी फुटली आणि आतले एक भिंग निसटले. सर परतले त्याच सकाळी बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि झाले ते सगळे सांगून मोकळ्या झाल्या. सर रागावले असते तर बरे झाले असते. ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला दुरुस्त करून आणले, आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

"दादा, मुलांना लागतो तो," बाई दारातून म्हणाल्या.

"यंत्र सांभाळायचं असतं," सर म्हणाले. "गावभर फिरवायचं नसतं."

बाईंनीही मग हट्टाने माझ्याच बनावटीचा एक छोटा पोलरीमीटर मागवला, आणि त्यांनीही त्याला कुलूप लावले. हा आजार बघता बघता पसरला. विभागात जो तो आपापले यंत्र कपाटात घालू लागला. एकाच कामाची दोन-दोन यंत्रे वेगवेगळ्या खोल्यांत, आणि विद्यार्थी मात्र हात हलवत बसलेले. बहीणभावाचे बोलणे बंद झाले. काही सांगायचे असेल तर कार्यालयातला कारकून निरोप नेई. दोघे समोरासमोर उभे असले, तरी तो बापडा एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत म्हणे, "बाई, सर म्हणतात की..." आणि मग, "सर, बाई म्हणतात की..."

मित्रांनो, कपाटातला अंधार आणि माझ्या खोलीतला अंधार यांत फार फरक आहे. खोलीतल्या अंधारात दिवा लागणार असतो. कपाटात मी फक्त ऐकायचो. घंटा, पावले, नव्या मुलांचे हसणे, जुन्यांचे निरोप घेणे. सरांचा आवाज हळूहळू घोगरा होत गेला. ते कधीतरी कपाटावरून हात फिरवायचे, कुलूप ओढून बघायचे आणि समाधानाने जाऊन बसायचे. त्यांचे माझ्यावर प्रेम होते, याची मला कधीच शंका आली नाही.

अशी कितीतरी वर्षे गेल्यावर विभागाने सगळ्या यंत्रांची व्यवस्था बघायला एक बाई नेमली. कमरेला किल्ल्यांचा हा भला मोठा जुडगा. मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला किल्लीताई करून टाकले. सगळी यंत्रे एका ठिकाणी आणायची, कुणी कधी वापरायची ते ठरवायचे, वापरणाऱ्याला आधी शिकवायचे आणि बिघडले तर वेळेवर दुरुस्त करायचे, हे तिचे काम. विभागप्रमुखांनी बजावलेही होते, की वर्ष संपेपर्यंत जे यंत्र चालू स्थितीत नसेल ते भंगारात जाईल.

ती सरांच्या खोलीत आली.

"सर, तुमच्याकडे पोलरीमीटर आहे म्हणे."

"आहे. उत्तम आहे."

"शेवटचा कधी लावला होता?"

"लावायचा कशाला? जपून ठेवलाय."

"मला फक्त बघू द्या. नेत नाही. हातही तुम्हीच लावा."

किल्ली कुलपात फिरेना. तेल सोडावे लागले. दार करकरत उघडले आणि उजेड माझ्या अंगावर पडला. सरांनी चकती धरली. ती हलली नाही. त्यांनी वायर जोडून बटण दाबले. दिवा लागला नाही. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि लगेच मागे घेतला. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

"पण मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही," ते म्हणाले.

किल्लीताईने खिशातून फडके काढून माझ्यावरची धूळ टिपली. "ग्रीस सुकलंय, ते निघेल. चकती फिरेल. भिंग आणि दिवा मात्र दुसरे लागतील. बनवणारा कारखाना आता राहिला नाही. या बनावटीचं दुसरं यंत्र विभागात एकच आहे."

ते कुणाकडे आहे हे सरांना ठाऊक होते. "मग राहू दे," ते म्हणाले.

पुढे बाईंच्या खोलीत काय झाले, ते मला त्यांच्याच यंत्राच्या भिंगाने सांगितले. त्या छोट्याचे हाल माझ्याहून वाईट होते. खालच्या फळीवरच्या आम्लाच्या वाफांनी त्याची चकती खाऊन टाकली होती. भिंग आणि दिवा तेवढे धड होते. बाईंची एक विद्यार्थिनी, सगळे तिला चष्मेवाली म्हणत, हृदयाच्या औषधासाठी एक पदार्थ तयार करत होती. तो प्रकाश डावीकडे वळवतो हे सिद्ध झाले नाही, तर तिची सगळी मेहनत वाया जाणार होती. तिचा नमुना तपासायला परगावी पाठवावा लागे. मागच्या खेपेला बाटली वाटेतच फुटली होती.

"दादाने मागितलं का?" बाईंनी किल्लीताईला विचारले.

"नाही. ते राहू दे म्हणाले."

बाई हसल्या. "अजून तसाच आहे. घेऊन जा भिंग. त्याला सांगू नकोस म्हणजे झालं."

"ते मला जमायचं नाही, बाई. दोन यंत्रांचं एक करायचं, तर दोघांच्या डोळ्यांदेखत करीन. उद्या माझं नेलं, असं कुणी म्हणायला नको."

म्हणून एका सकाळी काळ्या पडद्यांच्या त्या खोलीत सगळे जमले. सर ओट्याच्या एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, चष्मेवाली हातात नमुन्याची नळी घेऊन उभी. किल्लीताईने माझे जुने ग्रीस काढले, नवे भरले, बुरशीचे भिंग उतरवून छोट्याचे बसवले, त्याचा दिवा जोडला. दिवा गुलाबी झाला आणि मग पिवळा. बऱ्याच काळाने मला माझा स्वतःचा उजेड दिसला.

"सर, तुम्ही बघा आधी," किल्लीताई म्हणाली.

सरांनी डोळा लावला. चकती पुढे नेली, मागे आणली. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितले. शेवटी ते म्हणाले, "मला रेघ दिसत नाही."

किल्लीताईने वाकून पाहिले. "भिंगात दोष नाही, सर."

"मग माझ्या डोळ्यांत असेल." ते उठले, स्टूल बहिणीकडे सरकवले आणि म्हणाले, "तू बघ."

बाई स्टुलावर बसल्या. "मोतीबिंदू आहे तुला, दादा. डॉक्टरकडे जा म्हणून किती निरोप धाडले. कारकुनाने सांगितलं नाही का?"

"सांगितलं. मी ऐकलं नाही." सरांनी ओट्यावर हात टेकला. "नळी फुटली तेव्हाही तू सरळ येऊन सांगितलं होतंस. तेव्हाही मी ऐकून घेतलं नाही."

बाईंचा डोळा भिंगाला होता. "आता बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "रेघ हलते माझी." खरे तर रेघ जागची हलली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते माझ्या पितळेवर पडलेले मला जाणवले. मग त्यांनी डोळे पुसले, चकती फिरवली आणि आकडा वाचला. दिशा डावी होती. आकडा हवा त्यापेक्षा थोडा कमी होता. म्हणजे पदार्थ तोच होता, पण आणखी शुद्ध करायला हवा होता.

"करते मी," चष्मेवाली म्हणाली. "आता निदान रोज बघता तरी येईल."

त्यानंतर मी कपाटात गेलो नाही. हळूहळू बाकीच्यांनीही आपापली यंत्रे आणून दिली, कुणी हसत, कुणी कुरकुरत. चष्मेवालीचा आकडा पुढे बरोबर जुळला. सरांचे डोळे बाईंनी त्यांना धरून नेऊन दुरुस्त करून आणले. निवृत्तीच्या दिवशी सर किल्लीताईकडे कपाटाची किल्ली घेऊन आले.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "त्यात आता आम्ही झाडू ठेवतो. कुलूप लावत नाही."

सर पोटभर हसले.

आता आकडा आपोआप दाखवणारे नवे यंत्र माझ्या शेजारी आले आहे. अवघड काम ते करते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र आधी माझ्यापाशीच बसवतात, आणि मला तेवढे पुरते. सर आणि बाई आता येत नाहीत. दिवा गुलाबीचा पिवळा होताना मला त्यांची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादे यंत्र कपाटात बसलेले असेल. ते बाहेर काढा. आधी कसे वापरायचे ते शिकून घ्या, मग वापरा. काम झाले की स्वच्छ फडक्याने पुसा, दिवा बंद करायला विसरू नका. आणि हातून काही फुटले, तर लपवू नका, जाऊन सांगा. कुणी तुमच्याकडे सांगायला आले, तर त्याचे ऐकून घ्या. आमची काच पुन्हा बसवता येते. बोलणे बंद झाले, की त्यात तुमची किती वर्षे जातील ते सांगता येत नाही.