उंबऱ्याबाहेरची सुईण

"बस गं खाली! प्रवचन तरी संपू दे," शेजारच्या गेशेनं आबेलकेचा झगा खेचला.

चर्चच्या दारात पोर्तुगीज ज्यूंच्या घरची मोलकरीण धापा टाकत उभी होती. "सुईणबाई, चला लवकर! पाय आधी आलेत!"

पाद्रीबुवा बोलता बोलता थांबले. सगळ्या माना वळल्या. आबेलकेनं झगा सोडवून घेतला आणि बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती बाहेर पडली.

जर्मनीतल्या एल्ब नदीकाठच्या त्या बंदरात तिची उभी हयात बाळंतपणं करण्यात गेली होती. डच, इंग्रज, आर्मेनियन, जहाजांनी जे जे आणून सोडले त्या सगळ्यांची. ज्यूंच्या घरी जायला मात्र त्याच वर्षी नगरसभेनं बंदी घातली होती.

अडलेली बाई, रिका, अगदी पोरसवदा होती. घामानं निथळत स्वतःच्या भाषेत ओरडत होती. आबेलकेला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"ओरड बाई, हवं तसं ओरड. कळा काय, सगळ्या भाषांत सारख्याच."

दुपार कलल्यावर मुलगी आली, पायाळू, निळीसावळी. पाठीवर चापट्या बसल्या तेव्हा कुठे तिनं टाहो फोडला. रिकानं आबेलकेचा हात घट्ट धरला तो सोडेचना.

पुढच्या आठवड्यात नगरसभेचं बोलावणं आलं.

"माफी माग. पुन्हा जाणार नाही म्हण, सुईणपणाचा परवाना राहील," अध्यक्ष म्हणाले.

"आणि पुन्हा कुणी बोलवायला आलं तर?"

"तर नाही म्हणायचं."

"तेवढं मला जमायचं नाही, महाराज."

टिडेमान नावाचा तरुण वकील तेवढा तिच्या बाजूनं उभा राहिला. "माणूस आधी जगाचा नागरिक असतो, मग गावाचा. लायडनच्या विद्यापीठात आम्ही हेच शिकलो..."

"मग लायडनलाच राहायचं होतंस की!" कुणीतरी म्हणालं आणि सभा खो खो हसली.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं टोपी काढली. "काकू, माझं कुणी ऐकलं नाही हो."

"ऐकलं की. हसायला तरी आधी ऐकावं लागतं, बाळा."

परवाना गेला. दारावरची पाटी शिपायानं उपटून नेली. गल्लीतल्या बायका तिला पाहून रस्ता ओलांडू लागल्या.

वसंतात तिच्या लेकीचे, विब्केचे, दिवस भरले. जावई हिन्रिक पिंपं बनवायचा. तो मान खाली घालूनच आला.

"आई, तुम्ही हात लावलात आणि कुणी चुगली केली, तर आमच्या कारागिरांच्या मंडळातून मला काढतील. मग खायचं काय?"

आबेलकेनं त्याच्याकडे स्टूल सरकवलं. "मी कुठं काय म्हणाले? नव्या सुईणीला आण. आणि सांग तिला, हात शेकून घे म्हणावं. विब्केला गार हात सोसत नाहीत."

तरी ती लेकीच्या घरी गेली, परसात चूल पेटवून बसली. आतून विब्के किंचाळली, "आई गं!"

आबेलके ताडकन उठली. दाराशी गेली. उंबऱ्यापाशी थबकली.

मग मागे फिरून तिनं उकळत्या पाण्याचं भांडं आणलं, उंबऱ्यावर ठेवलं, दारावर थाप मारली आणि बाजूला सरली. दार किलकिलं झालं. नव्या सुईणीचे दोन तरुण हात बाहेर आले, भांडं उचलून आत गेले. दार लागलं.

आबेलकेनं झग्याच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि चुलीवर दुसरं पाणी चढवलं.