मुख्याध्यापिकांच्या बाकावरची झोप

बेकरीवाल्याची दिवसाची झोप म्हणजे घरातला कायदाच. रात्रभर भट्टीपुढे राबून तो आडवा झाला की बायको दाराची घंटा बंद करी आणि येईल त्याला ओठांवर बोट ठेवून वाटेला लावी: उठले की बोलू. लेक मात्र पुस्तकावर पेंगली की हीच बाई तिच्या तोंडावर पाणी मारी.

डॉक्टरांनी निदान केलं होतं. रात्री कितीही झोपली तरी दिवसा झोप हिला गाठणारच, आजारच तसला. औषध चालू ठेवा आणि दुपारी शाळेत जरा झोपू द्या. पण पोरीला आजारी म्हणवून घेण्यापेक्षा हुशार म्हणवून घेतलेलं बरं, असा हिशेब करून आईने शाळेत ठोकून दिलं, की ती रात्ररात्र अभ्यास करते. झालं! वर्गाने तिला ‘पेंगूबाई’ केलं, आणि मार्कांत तो अभ्यास काही दिसेना.

शेवटी मुख्याध्यापिकांनी तिघांना बोलावून सुनावलं, असंच चाललं तर शाळेतून नाव काढावं लागेल. आईने अभ्यासाचं तेच तुणतुणं सुरू केलं, तेवढ्यात लेक म्हणाली,

"आई, पुरे. बाई, मी रात्री ढाराढूर झोपते. तरी दिवसा झोप येते, कारण मला आजार आहे. दुपारी मला प्रथमोपचाराच्या खोलीतली खाट हवी."

एकीला दिली तर उद्या सगळा वर्ग खाटा मागेल, बाई म्हणाल्या.

"मागू दे. त्यांनाही डॉक्टरकडे पाठवा."

"शाळा ही झोपायची जागा नव्हे."

"झोप जागा बघून येत नाही, बाई."

बोलताना तिचे डोळे जड झाले. एरवी ती स्वतःला चिमटे काढून वेळ मारून नेई. आज तिने दप्तर उशाला घेतलं आणि तिथल्याच बाकावर सरळ आडवी झाली.

आईचा हात सवयीने टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे गेला. बेकरीवाल्याने ग्लास पलीकडे सरकवला. तसा तो चारचौघांत तोंड उघडणारा नव्हे. आताही त्याने नुसतं आपलं पिठाळ जाकीट लेकीच्या अंगावर घातलं.

"हा काय तमाशा आहे?" बाईंचा आवाज चढला.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग उठून दार लोटून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. उठली की बोलू."