सहावी ओळ

घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. चाळिशी जवळ आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. आईवडील गेल्यावर घरात तो आणि त्याची ताई दोघंच उरले. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती डोळ्यांच्या हॉस्पिटलात रिसेप्शनवर बसे, आणि धाकटा एका लहान कंपनीत वेबसाइट बांधायचं काम करी.

वर्षभर त्याच्या हातात एकच काम होतं. लोकांना हवं तसं कॅलेंडर बनवून देणारी साइट. महिना निवडायचा, रंग निवडायचा, खुणा करायच्या त्या तारखा लिहून द्यायच्या, आठवडा रविवारपासून हवा की सोमवारपासून ते सांगायचं. बटण दाबलं की कागद छापायला तयार. फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइटच्या तयार सांगाड्यात, बरंच काही आयतं मिळत होतं, पण चौकटी आखून प्रत्येक तारीख तिच्या जागी बसवणारा भाग त्याने स्वतः लिहिला होता, आणि त्याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

आधी आठवडा रविवारपासूनच सुरू होई. सोमवारचा पर्याय अगदी शेवटी, घाईघाईत जोडला गेला. तपासणीचं काम करणारी बाई मोठी चिकट. ती त्याच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सोमवारवाले बाराही महिने काढून बघितलेस ना?"

"बघितले," तो म्हणाला.

त्याने दोन बघितले होते.

साइट सुरू झाली तेव्हा सर्वांत जास्त आनंद ताईला झाला. पेशंटना आजवर ती हाताने लिहिलेलं कार्ड देई. आता तिने मोठ्या अक्षरांत महिन्याचा कागद छापायचं ठरवलं: थेंब घालायचे दिवस निळे, ऑपरेशनचा दिवस लाल. हॉस्पिटलचा आठवडा सोमवारी सुरू होई, म्हणून तिने सोमवार निवडला. पहिला कागद मिळाला तो एका म्हाताऱ्या बसड्रायव्हरला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, एक डोळा पूर्वीच गेलेला आणि दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकलेला. "माझ्या भावाने केलंय हे," ताई त्यांना म्हणाली. घरी येऊन तिने हे धाकट्याला जेवताना सांगितलं, तेव्हा तो लाजून हसला होता.

ड्रायव्हरकाकांचं ऑपरेशन एकतीस तारखेला, मंगळवारी होतं. ते करणारे सर्जन बाहेरगावचे. तीन महिन्यांतून एकदा येत. त्या मंगळवारी काका आलेच नाहीत. फोन केला तर काकू म्हणाल्या, "कागदावर तारीखच नव्हती हो. आम्हाला वाटलं, पुढे ढकललं असेल. सारखं विचारायचं तरी कसं?" तोवर सर्जन परत निघाले होते. आता आणखी तीन महिने काकांना भिंत चाचपत चालावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी ताईचा चेहरा पार उतरला होता. "मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले मला," ती म्हणाली. "त्यांचंही बरोबरच आहे. मी एकतीस तारीख लिहायची विसरले असणार. पण माझी शपथ, लिहिल्यासारखं आठवतंय रे."

धाकट्याने मनातल्या मनात महिना मांडला. एक तारखेला रविवार. आठवडा रविवारपासून धरला तर महिना पाच ओळींत मावतो. सोमवारपासून धरला की पहिल्या ओळीत एकटी एक तारीख, आणि तीस-एकतीस जातात सहाव्या ओळीत. किती ओळी आखायच्या हे मात्र त्याचा कोड अजून रविवार धरूनच ठरवत होता. सहावी ओळ छापलीच गेली नव्हती.

"जेव ना," ताई म्हणाली. "तू कशाला तोंड पाडून बसलायस?"

तो जेवला. सांगू, उद्या सांगू, असं म्हणत जेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लवकर जाऊन त्याने चूक सुधारली. एकाच ओळीचा बदल. बदलाच्या नोंदीत त्याने लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. तपासणीवाल्या बाईने विचारलं, "काय होतं रे?" तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काही नाही, दिसण्यातलं." ती क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी ताईला रिसेप्शनवरून काढून आतल्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकी नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. ती तक्रार करीना. उलट आता ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहू लागली. गॅस बंद केला, लिहिलं. कुलूप लावलं, लिहिलं. जिन्यावरून पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघू लागली. धाकटा हे सगळं बघत होता. रोज सकाळी तोंडापर्यंत आलेले शब्द तो चहाबरोबर गिळत होता. आपण इतके भित्रे आहोत हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सुट्टी काढशील का? माझ्याबरोबर यायचंय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. माझं विसरणं वाढलंय."

"तू काही विसरत नाहीस, ताई."

"तुला काय माहीत?" ती शांतपणे म्हणाली.

तेव्हाही त्याच्याने बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर दोघं बसले. नर्सने ताईच्या हातात एक फॉर्म दिला. 'स्मरणाची तक्रार केव्हापासून?' असा पहिलाच प्रश्न होता. ताईने पेन उघडलं आणि तारीख लिहिली: एकतीस.

"ताई, नको लिहूस," तो म्हणाला. "तू तारीख दिली होतीस. माझ्या कोडने ती छापली नाही. चूक माझी होती."

तिने पेन तसंच धरलं. "हे तुला कधी कळलं?"

"तू सांगितलंस त्याच संध्याकाळी."

तिने फॉर्मची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला आणि ती उठली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "चूक झाली त्याचं मला काही नाही. माझ्या हातूनही होतात. पण अकरा दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास." पुढे घरापर्यंत तो तिच्या दोन पावलं मागून चालत राहिला.

त्याच दुपारी तो मोठ्या डॉक्टरांकडे गेला. दोन्ही कागद, चुकीचा आणि बरोबर, टेबलावर मांडले. डॉक्टर ते पाहून "बरं" एवढंच म्हणाले. ताई चार दिवसांनी रिसेप्शनवर परत आली. तिने पुन्हा हाताने लिहिलेली कार्डं सुरू केली होती, आणि त्याची सुधारलेली साइट तिने कधी उघडली नाही. ऑफिसात त्याने 'किरकोळ' शब्द खोडून खरं काय ते लिहिलं. तपासणीवाली बाई वाचून म्हणाली, "मला तेव्हाच शंका होती." त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

मग तो ड्रायव्हरकाकांकडे गेला. काका खुर्चीत बसून आवाजाच्या दिशेने मान वळवून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर काकू आत निघून गेल्या. काका म्हणाले, "मग आता काय करायचं म्हणता?" "मी आठवड्यातून दोनदा येत जाईन," तो म्हणाला, "कुठे जायचं असेल तर घेऊन जाईन." काका नको म्हणाले नाहीत. तो येत राहिला. त्यांचा हात धरून न्हाव्याकडे, बागेत, बँकेत जात राहिला. काकूंनी दुसऱ्या महिन्यात त्याला पाणी विचारलं.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी खोलीत काकू, ताई आणि तो होते. काकांनी डोळा मिचकावला, काकूंना पाहिलं, त्यांची पांढरी झालेली बट पाहिली, हसले. रिसेप्शनवरच्या ओळखीने ताईला नमस्कार केला. मग त्यांची नजर धाकट्यावर येऊन थांबली. त्याचा चेहरा त्यांनी नीट असा कधी पाहिलाच नव्हता.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

काकूंनी ताईकडे पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "ज्याच्यामुळे तुमचं ऑपरेशन तीन महिने राहिलं, तो मी."